लाइन तपासली, ठीक

पेन्यारुइवा धरणाच्या फाटकावरची पाटी ग्रासिंदाच्या डोळ्यांदेखत तीनदा बदलली होती. ती शाळेत जायची तेव्हा पाटी हिरवी होती आणि धरण लिस्बनच्या चार बड्या शेठ लोकांचं होतं. मग क्रांती झाली, सरकारनं देशातल्या साऱ्या वीज कंपन्या गोळा करून एकच मोठी राष्ट्रीय कंपनी केली, आणि पाटी लाल झाली. पुढं वीसेक वर्षांनी सरकारनं तीच कंपनी तुकड्यातुकड्यानं शेअर बाजारात विकली, तेव्हा पाटी निळी झाली. कामगारांना शेअर स्वस्तात मिळाले. ग्रासिंदाच्या नवऱ्यानं आपले विकून जुना ट्रॅक्टर घेतला आणि सांगत फिरला, राष्ट्रीय कंपनीची चार चाकं माझ्या गोठ्यात आहेत. शेवटचा सरकारी हिस्सा परदेशी मालकांकडे गेला आणि पाटी पांढरी झाली. पाटी कुठल्याही रंगाची असो, पाणी आपलं वरून खाली जात होतं आणि पोर्तू शहराच्या घराघरांत दिवे लागत होते.

ग्रासिंदा रापोझू बाविसाव्या वर्षी लाल पाटीखाली कामाला लागली. त्या धरणावर कामाच्या पाळीवर बसलेली ती पहिली बाई, आणि गेली अठरा वर्षं पाळीप्रमुख. ज्या खुर्चीत ती बसायची त्याच खुर्चीत तिच्याआधी तिचा बाप आबिल्यू तीस वर्षं बसला होता. लोक म्हणायचे, बाई जरा ताठ आहे. तिचं म्हणणं असं की टर्बाइनसमोर वाकून उभं राहिलं तर टर्बाइन काही हळू फिरत नाही.

आता धरणावर माणसंच नकोत असं ठरलं होतं. जूनमधल्या एका शुक्रवारी दुपारी बारा वाजता सगळा कारभार दोनशे किलोमीटर लांबच्या पोर्तूतल्या नियंत्रण कक्षात जायचा होता. ग्रासिंदाला वर्षभर आधी निवृत्ती मिळणार होती आणि तिची काही तक्रार नव्हती. यंत्रं चांगली होती, पोरं हुशार होती, बटण इथून दाबलं काय नि तिथून दाबलं काय.

सोमवारी पोर्तूहून एंजिनियर तोमे विलारिन्यू आला. तिशीतला, नम्र, पायात पांढरे बूट. त्यानं दोन गोष्टी आणल्या होत्या. पहिली म्हणजे कामाची पुस्तिका. धरण चालवायच्या दोनशे चौदा पायऱ्या तिच्यात क्रमानं लिहिलेल्या होत्या, आणि शेवटच्या पानावर ग्रासिंदानं सही करायची होती की या धरणावर जे जे केलं जातं ते सगळं यात आलं आहे.

दुसरी गोष्ट खोक्यात होती. कंपनी स्वतःचा इतिहास लिहवून घेत होती आणि धरणावर पाहुण्यांसाठी एक दालन उघडणार होती. इतिहास लिहिणाऱ्या बाईंनी जुन्या नोंदवह्या चाळल्या तेव्हा त्या आबिल्यूच्या वह्यांच्या प्रेमातच पडल्या. तीस वर्षांत एक खाडाखोड नाही. त्या वह्या काचेच्या कपाटात ठेवायच्या आणि दालनाला त्याचंच नाव द्यायचं असं ठरलं. तोमेनं खोक्यातून पितळी पाटी काढली. तिच्यावर कोरलं होतं: आबिल्यू रापोझू दालन. तीस वर्षं, एकही खोटी नोंद नाही.

चौथी शिकलेल्या आपल्या बापाचं नाव पितळेत पाहून ग्रासिंदाला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. तोमे भला मुलगा. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

मग ती पुस्तिका वाचायला बसली. सोमवार गेला, मंगळवार गेला. पाळीवरचा तिचा जोडीदार बेल्मिरू तिची थट्टा करायला लागला.

"लग्नाच्या कागदावर सही करताना एवढं वाचलं होतंस का?"

"तिथंच चुकलं," असं म्हणून तिनं पान उलटलं.

बुधवारी सकाळी ती एकसष्टाव्या पायरीपाशी आली. सांडव्याचा दरवाजा उघडण्याआधी भोंगा वाजवा. बासष्ट: दरवाजा उघडा. तिनं दोन्ही पायऱ्या पुन्हा वाचल्या, मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं आणि तोमेला हाक मारली.

"सेन्योर एंजिनियर, एकसष्ट आणि बासष्टच्या मध्ये एक गोष्ट होती. ती कुठं गेली?"

तोमेला लगेच समजलं, आणि आपल्याला समजलं याचा त्याला आनंदही झाला. "लाइन तपासणी ना, दोना ग्रासिंदा? ती आम्ही काढली. पन्नास वर्षांच्या वह्या संगणकात घातल्या आम्ही. दर वेळी दरवाज्याआधी एकच नोंद, 'लाइन तपासली, ठीक'. हजाराच्या वर वेळा, आणि एकदाही फोनची लाइन बिघडलेली नाही. आताच्या तारा स्वतःच स्वतःला तपासतात. मग ती पायरी ठेवून करायचं काय?"

ग्रासिंदाला आधी हसू आलं. मग तिनं पुस्तिका मिटून बाजूला ठेवली.

कारण त्या वाक्याचा खरा अर्थ या धरणावर काम केलेल्या माणसांनाच ठाऊक होता, आणि त्यांनी तो पन्नास वर्षं कुणालाही सांगितला नव्हता. लाइन कुणी कधी तपासलीच नव्हती. दरवाजा उघडण्याआधी पाळीप्रमुख खाली मोइन्युशला फोन करायचा.

मोइन्युश म्हणजे धरणाखाली पाच किलोमीटरवर, नदीच्या वळणात बसलेली अकरा घरं. मधे ग्रॅनाइटचा डोंगर आडवा येतो आणि भोंग्याचा आवाज त्या डोंगरापाशीच संपतो. हिरव्या पाटीच्या काळात एका फेब्रुवारीत दरवाजा उघडला तेव्हा एतेल्विना नावाची बाई वळणात लोकर धूत होती. तिला काहीच ऐकू आलं नाही. ती दोन दिवसांनी सापडली. त्या पाळीवर आबिल्यू होता. भोंगा त्यानं वाजवला होता, नियमात कसूर नव्हती, साहेबांनी तसं लिहूनही दिलं. तरी आबिल्यू पायी मोइन्युशला गेला, टोपी हातात धरून एतेल्विनाच्या दारात उभा राहिला आणि तिच्या चौदा वर्षांच्या मुलीला म्हणाला की इथून पुढं तुला कळवल्याशिवाय मी पाणी सोडणार नाही.

त्या मुलीचं नाव झुल्मिरा. मोइन्युशमधला एकमेव फोन तिच्या घरच्या दुकानात होता आणि शेजारच्या खिळ्याला देवळाची किल्ली. धरणावरून फोन आला की झुल्मिरा जाऊन घंटा वाजवायची आणि माणसं शेळ्या-मेंढ्या घेऊन नदीतून वर यायची.

अडचण एकच होती. धरणाची लाइन फक्त कामाची. तिच्यावरून बाहेर फोन केला म्हणून एकाची नोकरी गेली होती. आणि दर मिनिटाचा हिशेब वहीत द्यायचा. तेव्हा आबिल्यूनं आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: लाइन तपासली, ठीक. पुढच्यानं तेच लिहिलं. क्रांतीनंतर आता उघड लिहू असं काहींचं मत पडलं. तीन सभा झाल्या आणि ठरलं असं की लिहिलं तर परवानगी मागावी लागेल, परवानगी मागितली तर कुणीतरी नाही म्हणेल, त्यापेक्षा चाललंय ते चालू द्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय लागली की ताक मागायचं राहूनच जातं. ग्रासिंदानं स्वतः ते वाक्य काही शे वेळा लिहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी फोनही केला होता.

आता त्याच वाक्यानं घात केला होता. काम लपवलं होतं म्हणून ते बिनकामाचं ठरलं होतं. शुक्रवारनंतर पोर्तूतलं एखादं पोर भोंगा वाजवणार, दरवाजा उघडणार, आणि मोइन्युशला पत्ताही लागणार नाही. त्या वर्षी वसंतात पाऊस फार झाला होता. धरण काठोकाठ भरलं होतं आणि दर पाच-सहा दिवसांनी पाणी सोडावं लागत होतं.

तिनं आधी सरळ रस्ता धरला. तोमेला म्हणाली की एक नवी पायरी घाला, मोइन्युशला कळवा म्हणून. तोमेनं नकाशा उघडला. गणितानं भोंगा सहा किलोमीटर ऐकू जात होता. शिवाय लोकांच्या मोबाइलवर इशारा जाणारच होता. नवी पायरी घालायला तशी गरज होती याचा लेखी पुरावा लागतो, असं तो म्हणाला, आणि वह्यांमध्ये मोइन्युशचं नाव कुठंच नाही.

"तुम्ही इथं सदतीस वर्षं आहात," तो म्हणाला. "गरज असती तर तुम्हीच कधीतरी फोन केला असता ना?"

ग्रासिंदाला उत्तर देता आलं असतं. पण समोर टेबलावर ती पितळी पाटी होती. एकही खोटी नोंद नाही. उत्तर दिलं की पहिला खोटारडा ठरणार आबिल्यू. ती तशीच घरी गेली. नवऱ्यानं काढलेलं सूपही तिला जाईना. नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, सही करून टाक, झुल्मिरा काही बहिरी नाही, नदी तिला कळते. एतेल्विनालाही कळत होती, असं ग्रासिंदा म्हणाली.

गुरुवारी सकाळपर्यंत तिचा ताठपणा परत जागेवर आला होता. अकराला पाणी सोडायचं होतं. तिनं बेल्मिरूला खुर्चीत बसवलं, सगळं नेहमीसारखं कर म्हणून सांगितलं, आणि तोमेला जेवायला चला म्हणाली.

"मला अहवाल लिहायचाय," तोमे म्हणाला.

"पोटात काही गेलं तर अहवाल बरा होतो. चला."

मोइन्युशला जाताना गाडी वरच्या रस्त्यावरच राहते, पुढं उतार पायी. तोमेच्या पांढऱ्या बुटांचं काय व्हायचं ते झालं. खाली नदीकाठी दोन बाया कोबीच्या वाफ्यांत वाकल्या होत्या, एक म्हातारा शेळ्यांना पाण्यावर घेऊन बसला होता, आणि फ्रान्सहून आजोळी आलेल्या दोन मुली खडकावर पाय सोडून बसल्या होत्या. झुल्मिरानं दुकानाबाहेरच्या टेबलावर पाव, सॉसेज आणि वाइन आणून ठेवली. वय पासष्ट, आवाज खणखणीत. तोमेकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "हा कुणाचा?"

"पोर्तूचा आहे, झुल्मिरा. कंपनीचा."

"कंपनीचा काय? आई कोण तुझी, पोरा?"

तोमेनं आईचं नाव सांगितलं, आजोळ सांगितलं. आजोळ याच भागातल्या मिरांदेलाजवळचं निघालं तेव्हा कुठं झुल्मिरानं त्याच्या ताटात आणखी सॉसेज वाढलं. त्यानं खिशातून मोबाइल काढला. सिग्नलची एक रेघही नव्हती. तो उठला, भिंतीपाशी गेला, हात वर करून पाहिलं.

"देवळाच्या छपरावर चढ," झुल्मिरा म्हणाली. "मागं पोस्टमन चढला होता. त्यालाही नाही मिळाली."

ग्रासिंदानं घड्याळ टेबलावर ठेवलं. "सेन्योर एंजिनियर, अकराला भोंगा वाजेल. ऐकू आला की सांगा."

अकरा वाजले. अकरा वाजून एक मिनिट झालं. तोमेनं मान तिरकी केली. नदी वाहत होती, शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या, त्यापलीकडे काही नव्हतं. दोन मिनिटं झाली. तो डोंगराकडे पाहायला लागला, आणि मग खडकावरच्या त्या दोन मुलींकडे.

तेवढ्यात दुकानात फोन वाजला. झुल्मिरा आत गेली, "किती?" एवढंच विचारलं, "बरं, बेल्मिरू," म्हणाली आणि खिळ्यावरची किल्ली घेऊन देवळाकडे गेली. घंटा वाजली. खालच्या बायांनी खुरपी टोपलीत टाकली. म्हाताऱ्यानं शेळ्या वळवल्या. मुलींना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि वर आल्या. कुणी धावलं नाही, घाबरलं नाही. चाळीस मिनिटांनी पाणी आलं आणि तो खडक दिसेनासा झाला.

तोमे बराच वेळ त्या जागेकडे पाहत होता. वाइन तशीच राहिली.

"लाइन तपासली, ठीक," ग्रासिंदा म्हणाली. "ते हे."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. एतेल्विनाचं, टोपीचं, तीन सभांचं. झुल्मिरा दारात उभी राहून ऐकत होती. तोमेनं शेवटी विचारलं ते बरोबरच विचारलं. मी पाहिलं, तो म्हणाला, पण वर माझ्या पाहण्याला किंमत नाही, कागदाला आहे. आणि कागद म्हणतो की तुम्ही कधीच फोन केला नाही. ही पायरी घालायची तर पन्नास वर्षांच्या नोंदी खोट्या होत्या असं कुणीतरी सही करून सांगायला हवं. त्यात तुमच्या वडिलांच्या वह्या आल्या. दालनही गेलं.

"मी सांगते," ग्रासिंदा म्हणाली.

"विचार करून सांगा, दोना ग्रासिंदा. त्यांच्यामागं एवढंच उरणार होतं."

तिला राग आला. तो पोराचा नव्हता, पितळेचा होता.

"माझ्या बापामागं काय उरलंय ते आत्ता तू पाहिलंस," ती म्हणाली. साहेबाला ती पहिल्यांदाच अरेतुरे करत होती आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. "दोन बाया, एक म्हातारा, दोन पोरी. काचेत ठेवायला त्यानं वही लिहिली नव्हती."

शुक्रवारी सकाळी ती धरणावरच्या शेवटच्या पाळीला बसली. साडेअकराला तिनं नोंदवही ओढली आणि बापासारख्याच गोल अक्षरात लिहिलं: या वहीत आणि हिच्या आधीच्या वह्यांत जिथं जिथं 'लाइन तपासली, ठीक' असं आहे, ती नोंद खोटी आहे. तिथं असं वाचावं: मोइन्युशला फोन केला, झुल्मिरानं उचलला, घंटा वाजली. ही पद्धत आबिल्यू रापोझूनं सुरू केली. मी चालवली. खाली सही केली. बेल्मिरूनं वही आपल्याकडे ओढली, न विचारता खाली आपलीही सही ठोकली आणि म्हणाला, लग्नाच्या कागदावरही मी न वाचताच सही केली होती.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मात्र तिनं सही केली नाही. पायरी घाला, मग करते, असं सांगितलं. बारा वाजले तेव्हा पोर्तूहून फोनवर फोन आले. सहीशिवाय कारभार हलत नव्हता. पहिल्या साहेबांना तिनं नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनाही. तिसऱ्या साहेबांनी आवाज चढवला तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, की काल तुमच्या माणसानं जे पाहिलं ते त्यानं लिहून पाठवलंय, ते वाचलंत का, आणि वाचून झाल्यावरही पायरी नको असं आपण मला लेखी देता का. साडेचारला सुधारलेलं पान आलं. पायऱ्या दोनशे पंधरा झाल्या होत्या. ग्रासिंदानं ते पान दोनदा वाचलं आणि सही केली.

तिला ठपक्याचं पत्र आलं, खोट्या नोंदींबद्दल. ते तिनं ट्रॅक्टरच्या कागदांसोबत ठेवलं. दालनाला एका संचालकाचं नाव लागलं. ते गृहस्थ धरणावर एकदाच आले होते आणि तेही धुक्यात. पितळी पाटी तोमेनं तिच्या घरी आणून दिली. त्यानं जाताना पुन्हा पुन्हा माफी मागितली आणि ग्रासिंदाला त्याची दया आली. पाटी तिनं शेगडीमागं उभी केली, ठिणग्या अडवायला. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस शेगडी पेटवताना ती तिकडे बघायची नाही.

पुढच्या बुधवारी पोर्तूहून पहिल्यांदा पाणी सोडायचं होतं, सकाळी दहाला. ग्रासिंदा नऊलाच मोइन्युशला जाऊन बसली. झुल्मिरानं कॉफी दिली, आणि दोघी फोनकडे न बघता गप्पा मारू लागल्या. दहाला पाच कमी होते. दोन कमी झाले. झुल्मिरा बोलता बोलता थांबली. खाली वाफ्यात कुणीतरी गाणं म्हणत होतं.

फोन वाजला.

"तू घे," झुल्मिरा म्हणाली, आणि किल्ली काढली.

ग्रासिंदानं फोन उचलला. पलीकडे कोवळा, घाबरलेला आवाज होता. समोर लिहिलेलं तो शब्दशः वाचत होता. नियंत्रण कक्ष पोर्तू, बासष्टावी पायरी, मोइन्युशला कळवणं. कोण बोलतंय?

आयुष्यात पहिल्यांदाच ती या फोनच्या या बाजूला उभी होती. तिनं आपलं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. पोरगा अडखळला. मग म्हणाला, "रापोझू? इथं कंसात तेच नाव आहे. आबिल्यू रापोझूची पायरी."

कंस कुणी घातला हे तिला विचारावं लागलं नाही. तिनं दाराच्या चौकटीला हात टेकला.

"बाई? ऐकू येतंय ना?"

"स्पष्ट येतंय," ग्रासिंदा म्हणाली. "किती सोडताय ते सांग."

त्यानं सांगितलं. तिनं झुल्मिराकडे पाहून मान हलवली आणि झुल्मिरा किल्ली घेऊन देवळाकडे निघाली.